‘डॉमिनेशन’ संथ आहे म्हणून फसलेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत डेथ मेटलला, हेवी मेटलच्या या कडव्या प्रकाराला, पूर्ण पान दिलेत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. मराठी वृत्तपत्रांत या संगीताची दखल क्वचितच घेतली जाते, आणि घेतलीच तर ‘आरडाओरडा’ म्हणून विषय मिटवला जातो. तुमच्या लेखकाने बँड, शहरे, अल्बम नीट लावून दाखवले. मात्र मॉर्बिड एंजल या अमेरिकी बँडच्या १९९५ सालच्या ‘डॉमिनेशन’चा निकाल त्यांनी दोन ओळींत लावला आहे: मोठ्या कंपनीशी करार झाला, म्हणून वेग कमी केला, म्हणून अल्बम फसला. हे मत जगभर अनेक वर्षे असेच फिरत आले आहे. ‘डॉमिनेशन’ कमीजास्त आहे हे मलाही मान्य आहे. पण तो कुठे कमी पडतो आणि का, याचे उत्तर करारात किंवा वेगात सापडत नाही.

कराराचा मुद्दा तारखांवरच टिकत नाही. वॉर्नरच्या छत्राखालच्या जायंट रेकॉर्ड्सकडे बँड गेला तो ‘डॉमिनेशन’च्या आधी, १९९३ चा ‘कव्हेनंट’ अमेरिकेत जायंटनेच काढला, युरोपात नेहमीप्रमाणे इअरेक या कंपनीने. आणि ‘कव्हेनंट’ हा त्यांच्या सर्वांत वेगवान अल्बमांपैकी एक आहे. ‘रॅप्चर’ किंवा ‘ब्लड ऑन माय हँड्स’ ऐकून कुणी म्हणणार नाही की कंपनीने बँडला लगाम घातला. करारानेच वेग उतरला असता तर तो तेव्हाच उतरायला हवा होता.

खरा बदल ‘कव्हेनंट’च्या शेवटच्या गाण्यात दडलेला आहे. ‘गॉड ऑफ एम्प्टिनेस’मध्ये बँडचा गिटारवादक ट्रे अझॅगथॉथने सात तारांचे गिटार वापरले. आयबानेझ कंपनीने १९९० मध्ये गिटारवादक स्टीव्ह व्हायसाठी ‘युनिव्हर्स’ हे सात तारांचे मॉडेल बाजारात आणले होते. ते अझॅगथॉथच्या हातात आले आणि बँडचा खर्ज आणखी खाली गेला. मॉर्बिड एंजल पहिल्यापासून अर्धा स्वर उतरवून वाजवत. त्यामुळे सहा तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार ७८ हर्ट्झच्या आसपास बोलायची. सातवी तार तशीच अर्धा स्वर उतरवली की ती ५८ हर्ट्झवर येते. ‘डॉमिनेशन’मध्ये हा खर्ज एखाददुसऱ्या गाण्यापुरता राहिला नाही, तो अल्बमच्या केंद्रस्थानी आला.

यातून काय होते ते आकड्यांत मांडतो, कारण माझ्या मते अल्बमची निम्मी कोडी इथेच सुटतात. मिनिटाला २०० ठोक्यांची लय धरली आणि प्रत्येक ठोक्यात चार आघात मोजले, तर सेकंदाला १३ हून थोडे अधिक आघात होतात. म्हणजे दोन आघातांमध्ये ७५ मिलिसेकंद. ५८ हर्ट्झच्या तारेचे एक कंपन पूर्ण व्हायला १७ मिलिसेकंद लागतात. त्या फटीत तारेची जेमतेम चार कंपने होतात आणि पुढचा आघात येऊन पडतो. कानाला सूर पकडायला तेवढा अवधी पुरत नाही. ऐकू येते ती नुसती घरघर. तंबोऱ्याच्या खर्जाला जसा बोलायला वेळ द्यावा लागतो, तसाच या तारेलाही. बँडने जाड तार निवडली तेव्हाच लय उतरणे ठरून गेले होते, आणि ही निवड संगीताच्या अंगाने झाली होती.

म्हणून प्रश्न विचारायचा तो असा: संथ लयीत गाणे उभे कसे करायचे हे त्यांना १९९५ मध्ये किती साधले होते? माझे उत्तर आहे, निम्मे. आणि हे निम्मेपण गाण्यागणिक दाखवता येते.

साधलेले आधी. ‘व्हेअर द स्लाइम लिव्ह’ हे सव्वापाच मिनिटांचे गाणे या अल्बमचे शिखर आहे. मुख्य रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, जवळपास सरपटत चालते. पण ढोलवादक पीट सँडोव्हल तिच्याखाली एकच ठेका धरून बसत नाही. तीच रिफ परत येते तेव्हा पायांचे काम बदललेले असते: कधी मोजके आघात, कधी दोन्ही पायांची सलग दौड, कधी झांजेवरचा हात दुप्पट. गिटार संथ आणि ढोल वेगवान, असे दोन वेग एकाच वेळी चालू असल्यामुळे गाणे जड असूनही थांबल्यासारखे वाटत नाही. गायक डेव्हिड व्हिन्सेंटच्या आवाजावर इथे यंत्राने खरखर चढवली आहे. अनेकांना ती खटकते. मला ती पटते, कारण त्या आवाजाचा वरचा, करकरीत भाग ५८ हर्ट्झच्या चिखलातून वर येतो आणि शब्द हरवत नाहीत.

‘गॉड ऑफ एम्प्टिनेस’ही याच कारणाने टिकते. त्याचे दोन भाग स्वतंत्र आहेत आणि दुसऱ्या भागात गुरगुरणारा आवाज सोडून व्हिन्सेंट खोल, स्वच्छ गळ्याने गातो. संथ गाण्यात काहीतरी सतत पुढे सरकत असावे लागते: आवाजाचा पोत, ढोलाचा ठेका, सुरांचा थर, काहीही.

‘सीझर्स पॅलेस’मध्ये नेमके हेच घडत नाही. सहा मिनिटांहून लांब, अल्बममधले सर्वांत मोठे गाणे. कल्पना भव्य आहे: साम्राज्याचा तोरा, कूच करणारा ठेका, कीबोर्डचे थर. पण रिफ परत येते तेव्हा तिच्याभोवती फारसे काही बदललेले नसते. ढोल रिफच्याच आघातांवर बसतात, बेस गिटार तिच्याच सुरांवर. तिघेही एकच गोष्ट सांगत असले की चौथ्या आवर्तनाला श्रोता पुढे निघून गेलेला असतो. या गाण्यातून दीड-दोन मिनिटे काढली असती, किंवा सँडोव्हलला मोकळे सोडले असते, तर ते ‘स्लाइम’च्या शेजारी बसले असते. गाण्याचा कच्चा माल वाईट नाही, म्हणून तर हळहळ वाटते.

‘इन्क्विझिशन’ मध्यम लयीचे आहे. एक चांगली रिफ आणि एक सामान्य रिफ यांच्यात अडकलेले. ‘आइज टू सी, इअर्स टू हिअर’ चांगले आहे, पण पाठोपाठ ऐकले तर ‘स्लाइम’च्या सावलीत जाते. या दोघांवर अधिक शब्द खर्च करण्यासारखे नाही.

वेगवान गाण्यांचा उल्लेख तुमच्या लेखात अजिबात नाही, ही मोठी उणीव आहे. ‘डॉमिनेट’ अडीच मिनिटांच्या थोडे वर जाते आणि त्यात एकही आघात फुकट नाही. ‘धिस मीन्स वॉर’मध्ये अझॅगथॉथचे एकल वादन ट्रेमोलोच्या दांड्यावर सूर ताणत, सोडत भोवऱ्यासारखे फिरते. ‘डॉन ऑफ द अँग्री’ तर माझ्या मते या बँडच्या पहिल्या दहा गाण्यांत यावे: ब्लास्ट बीटवरून, म्हणजे ढोलाच्या अतिवेगवान अखंड भडिमारावरून, जड ठेक्यावर आणि परत, आणि प्रत्येक वळणाला लय बदलण्याचे कारण रिफमध्येच सापडते. वेग सोडलेल्या बँडचा हा अल्बम, असे म्हणणाऱ्यांनी ही तीन गाणी ऐकून मग बोलावे.

दुसरा गिटारवादक एरिक रुटान याच्याविषयीही लिहायला हवे होते. पहिल्या दोन अल्बमांत अझॅगथॉथबरोबर रिचर्ड ब्रुनेल होता. १९९२ मध्ये तो गेला आणि ‘कव्हेनंट’ची सगळी गिटारे एकट्या अझॅगथॉथने वाजवली. ‘डॉमिनेशन’च्या आधी न्यू जर्सीच्या रिपिंग कॉर्प्स या बँडमधून रुटान आला. त्याचे वादन अधिक आखीव, कडा धारदार. ‘नथिंग बट फिअर’ ऐकताना दोन वेगळ्या हातांचा फरक कळतो. पुढे हेट इटर्नल या त्याच्या स्वतःच्या बँडमध्ये जी शिस्त दिसली, तिची सुरुवात इथे ऐकू येते.

आता गाण्यांच्या क्रमाविषयी. माझ्या मते अल्बमचे सर्वांत मोठे नुकसान इथे झाले आहे, आणि समीक्षक याकडे पाहतच नाहीत. एकूण अकरा तुकडे, साधारण पाऊण तास. पहिली सात मिळून सुमारे साडेपंचवीस मिनिटे होतात आणि त्यांत वेग, जडपणा, श्वास यांचा तोल बरा आहे. फक्त ‘मेल्टिंग’ हा सव्वा मिनिटाचा कीबोर्डचा तुकडा चौथ्या क्रमांकावर फार लवकर येतो. गाडी आत्ता कुठे वेग घेत असते. खरी अडचण आठव्यापासून सुरू होते. ‘सीझर्स पॅलेस’ संथ. त्याला लागून सव्वादोन मिनिटांचे ‘ड्रीमिंग’, पुन्हा कीबोर्ड. मग ‘इन्क्विझिशन’ मध्यम. मग ‘हेटवर्क’ संथ. सलग १९ मिनिटे, म्हणजे अल्बमचा दोनपंचमांश भाग, ब्लास्ट बीट जवळपास नाहीच. ‘बँड संथ झाला’ ही समजूत या १९ मिनिटांनी तयार केली.

असे वाद्यतुकडे या बँडला नवे नव्हते. १९९१ च्या ‘ब्लेस्ड आर द सिक’मध्ये चार-पाच आहेत, ब्रुनेलचे ‘डेझोलेट वेज’ त्यांत सर्वांत सुंदर. तिथे ते शोभतात कारण त्यांच्या शेजारी वेगवान गाणी आहेत. शांततेनंतर वीज कडाडते. ‘डॉमिनेशन’मध्ये संथावर संथ रचले गेले.

वाचकांनी घरी करून पाहावा असा एक क्रम देतो: ‘डॉमिनेट’, ‘नथिंग बट फिअर’, ‘व्हेअर द स्लाइम लिव्ह’, ‘डॉन ऑफ द अँग्री’, ‘आइज टू सी, इअर्स टू हिअर’, ‘इन्क्विझिशन’, ‘धिस मीन्स वॉर’, ‘ड्रीमिंग’, ‘हेटवर्क’. ‘मेल्टिंग’ आणि ‘सीझर्स पॅलेस’ बाजूला. उरतात ३७ मिनिटे. यात ‘ड्रीमिंग’ला काम मिळते: वेगवान गाण्यानंतरचा विसावा आणि ‘हेटवर्क’चा दरवाजा. ‘हेटवर्क’ची लष्करी चाल आणि तुताऱ्यांसारखे कीबोर्ड, जे मूळ क्रमात थकलेल्या कानांवर पडतात, ते इथे शेवटाला शोभून दिसतात. हा क्रम लावून ऐकल्यावरही अल्बम आवडला नाही, तर ते मत मी विनातक्रार मान्य करीन.

ध्वनीबद्दल थोडे. निर्मिती बिल केनेडी आणि बँड यांची. ‘कव्हेनंट’ला फ्लेमिंग रासमुसेन होता, आणि त्या अल्बमचा आवाज कोरडा, खोलीतल्या हवेसकट येणारा आहे. ‘डॉमिनेशन’ त्यामानाने घासून पुसून गुळगुळीत केलेला. याचा फायदा संथ गाण्यांना मिळतो, वेगवान गाण्यांना कमी. कारण असे की सात तारांचे गिटार, बेस गिटार आणि बेस ड्रम या तिघांचा मुक्काम ५० ते १०० हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात पडतो. तिथे एकच जण स्पष्ट राहू शकतो. सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे बेस ड्रमला ३ ते ५ हजार हर्ट्झवर टकटकीत कडा देणे, म्हणजे पोटातला आवाज झाकला गेला तरी आघात मोजता येतो. इथेही तसाच टकटकाट ऐकू येतो. सँडोव्हलचे पाय त्यामुळे स्पष्ट कळतात, मात्र ढोलाचे वजन हरवते. बेस गिटार तर बराच वेळ गिटारच्या मागे सपाट झालेले असते. हा दोष मला अल्बमच्या क्रमाखालोखाल महत्त्वाचा वाटतो.

ऐकणाऱ्यांसाठी: मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकून मत बनवू नये. तेवढासा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली फारसे काही देतच नाही. ५८ हर्ट्झचा मूळ सूर आणि त्याचे ११६, १७५ हे पहिले वरचे सूर, सगळे गळून जाते. उरलेल्या वरच्या सुरांवरून मेंदू खालच्या सुराचा अंदाज बांधतो खरा, पण ‘स्लाइम’चे वजन अंदाजाने भरून येत नाही. कान पूर्ण झाकणारा साधा हेडफोनही पुरेसा आहे. ‘कव्हेनंट’शी तुलना करताना दोन्ही अल्बमांचा आवाज कानाला सारखा मोठा लागेल असा आधी जुळवून घ्या, जे किंचित मोठ्याने वाजते ते चांगले वाटते, हा कानाचा जुना दोष आहे.

मुंबई-पुण्यातली मेटल वाजवणारी मुलेही आता सात तारांची गिटारे घेतात आणि नेमक्या याच अल्बमच्या अडचणींत सापडतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी. साडेपंचवीस इंच लांबीच्या गिटारवर तार अर्धा स्वर उतरवली की तिचा ताण ११ टक्क्यांनी घटतो. त्यामुळे सातव्या तारेला ०.०५६ इंचाची तार लावून अर्धा स्वर उतरवला, तर जोरात आघात केल्यावर सूर क्षणभर चढतो आणि मग खाली बसतो. दोन गिटारे एकत्र वाजली की हा चढउतार भांडू लागतो. तार ०.०६० ते ०.०६२ ची घ्यावी. जाड तार लावल्यावर नटची खाच तेवढी रुंद आहे ना ते पाहावे. नसेल तर सूर लावताना तार अडकते आणि ‘टिक्’ करून एकदम उडी मारते. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा चढा लागत असेल, तर ब्रिजवरचे सॅडल मागे घ्यावे. आणि गेन, म्हणजे आवाज फाटण्याची मात्रा, कमी ठेवावा. घरात एकट्याने वाजवताना भरपूर गेन छान वाटतो, पण तालमीत दोन गिटारे आणि बेस आले की पाम म्यूटचे, म्हणजे तळहाताने तार दाबून केलेल्या आघाताचे, टोक मरून जाते. ध्वनिमुद्रणात डावी-उजवी दोन गिटारे स्वतंत्र वाजवायची असतील तर प्रत्येकाचा गेन आणखी उतरवावा. जाडी दोघांच्या बेरजेतून येते. मिक्समध्ये गिटारचा ७० हर्ट्झखालचा भाग कापून ती जागा बेसला द्यावी. गिटार एकटे ऐकले की अशक्त वाटेल, सगळ्यांबरोबर वाटणार नाही.

आता यानंतर काय झाले ते, कारण मधल्या काळातल्या अल्बमचे मोल पुढच्या अल्बमांवरूनही कळते. ‘डॉमिनेशन’नंतर जायंटशी संबंध संपला आणि १९९६ मध्ये व्हिन्सेंट बाहेर पडला. त्याच्या जागी स्टीव्ह टकर आला. १९९८ च्या ‘फॉर्म्युलाज फेटल टू द फ्लेश’मध्ये अझॅगथॉथने सूत्रे हाती घेतली आणि बँड पुन्हा भन्नाट वेगाकडे गेला, जणू संथपणाचा प्रयोग मोडीत काढला. पण २००० च्या ‘गेटवेज टू अनायलेशन’मध्ये रुटान परतला, सात तारा केंद्रस्थानी आल्या, लय पुन्हा उतरली. आणि या वेळी उत्तर पूर्ण सापडले. रिफ संथ, तिच्याखाली सँडोव्हलचे पाय अखंड धावते, एकावर एक रचलेली गिटारे आवर्तनागणिक थर बदलणारी. ‘स्लाइम’मध्ये जे एका गाण्यात जमले, ते तिथे अख्ख्या अल्बमभर आहे. ‘गेटवेज’ला थोर म्हणायचे आणि ‘डॉमिनेशन’ला संथ म्हणून बाद करायचे, हे एकाच तोंडाने करता येत नाही.

यंत्रसंगीताकडची (इंडस्ट्रियल संगीताकडची) ओढही इथूनच पुढे जाते. १९९४ मध्ये स्लोव्हेनियाच्या लायबाख या बँडने ‘गॉड ऑफ एम्प्टिनेस’ आणि ‘स्वॉर्न टू द ब्लॅक’ यांची नवी रूपे तयार केली होती. ‘डॉमिनेशन’मधली कवायती चाल आणि आवाजावरची खरखर त्याच वाटेवरची. व्हिन्सेंट परतल्यावर आलेल्या २०११ च्या ‘इलुड डिव्हिनम इन्सेनस’मध्ये हीच ओढ बेसुमार झाली. तो अल्बम मला पटत नाही, पण तो आकाशातून पडलेला नाही हे ‘डॉमिनेशन’ नीट ऐकणाऱ्याला कळते.

बँडलाही या अल्बमविषयी पूर्ण खात्री नव्हती असे म्हणायला एक आधार आहे. १९९६ च्या ‘एंटँगल्ड इन केऑस’ या थेट कार्यक्रमाच्या अल्बममध्ये ताज्या ‘डॉमिनेशन’मधून एकच गाणे घेतले आहे, ‘डॉमिनेट’. बाकी सगळी आधीच्या अल्बमांतली. ‘स्लाइम’ तिथे असायला हवे होते.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबतच्या चौकटीत हाच ‘एंटँगल्ड इन केऑस’ बँडचा पाचवा स्टुडिओ अल्बम म्हणून छापला आहे. शीर्षके ए, बी, सी, डी अशा इंग्रजी वर्णक्रमाने जातात, त्यामुळे हा घोटाळा होणे साहजिक आहे. पण ई हे अक्षर थेट ध्वनिमुद्रणाने घेतले. पाचवा स्टुडिओ अल्बम एफचा, म्हणजे १९९८ चा ‘फॉर्म्युलाज’. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, पुणे